छोट्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध: पहिल्या सेमिस्टरपासून प्रबंधापर्यंत

विभागात शिक्षक दोन, फार तर तीन. त्यातले एक राज्यशास्त्राच्या इतर विषयांचेही तास घेतात. ग्रंथालयात आंतरराष्ट्रीय संबंधांचं एकच कपाट, आणि त्यातली अर्धी पुस्तकं शीतयुद्ध संपायच्या आधीची. मोठ्या विद्यापीठात गेलेली मैत्रीण सांगते की तिच्याकडे नुसत्या पूर्व आशियावर पाच पेपर आहेत. मग पहिल्याच महिन्यात धाकधूक सुरू होते, आपण चुकीच्या जागी तर आलो नाही ना?

मी अशाच एका कॉलेजात शिकले. आज मागे वळून पाहताना माझं मत पक्कं आहे: पदवीच्या पातळीवर हा विषय छोट्या कॉलेजात उत्तम शिकता येतो, फक्त तो आयता मिळत नाही. मोठ्या विद्यापीठात पेपरांची लांबलचक यादीच विषयाची मांडणी करून देते. इथे ती मांडणी तुम्हाला करावी लागते. त्यासाठी दोन गोष्टी तुमच्या हाताशी आहेत. एक, तुमचं लिखाण ओळ न् ओळ वाचायला वेळ असलेले शिक्षक. दुसरी, जागतिक राजकारणाचे मूळ कागद, जे आज कुणालाही घरबसल्या उघडता येतात. पुढचं सगळं या दोन गोष्टी नीट वापरण्याबद्दल आहे.

आणि जागा लहान असल्याचं मनाला लावून घेऊ नका. या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये ॲबरिस्टविथला सुरू झालं. वेल्सच्या किनाऱ्यावरचं ते एक लहानसं गाव. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय समजून घ्यायला हवं, एवढ्याच तळमळीतून ते अध्यासन उभं राहिलं.

आधी विषयाची हद्द ओळखा

बातम्या आवडतात म्हणून अनेक जण इकडे येतात. त्यात गैर काही नाही, पण वर्गात बातम्या शिकवत नाहीत. तिथला मुख्य प्रश्न असा: राष्ट्रांच्या डोक्यावर सरकार नाही, पोलीस नाहीत, तरी ती बहुतेक वेळा करार पाळतात, ते का? आणि मोडतात, ते केव्हा? युद्ध, व्यापार, निर्बंध, निर्वासित, हवामान, अण्वस्त्रं, काहीही घ्या, फिरून गाडी याच प्रश्नापाशी येते.

ढोबळमानाने विषयाचे सहा भाग धरा: सुरक्षा, आंतरराष्ट्रीय अर्थकारण, आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय संघटना, परराष्ट्र धोरण आणि प्रदेशांचा अभ्यास. छोट्या कॉलेजात यातले दोन किंवा तीनच नीट शिकवले जातात. कोणते, हे शिक्षकांवरून ठरतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच आपल्या शिक्षकांचा प्रबंध कशावर होता, ते स्वतः काय लिहितात, हे शोधून काढा. ज्यात त्यांचा हातखंडा आहे तो भाग त्यांच्याकडून जीव तोडून शिका. उरलेल्या भागांची सोय इतर विभागांतून आणि बाहेरून करता येते.

पेपर निवडताना

नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असलेले सगळे पेपर घ्यायचे, ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. असे पेपर कॉलेजात मुळात थोडे असतात आणि ते तुम्ही घेणारच आहात. खरी निवड उरलेल्या क्रेडिटांची.

अर्थशास्त्र टाळू नका. किमान स्थूल अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे दोन पेपर घ्याच. विनिमय दर कसा ठरतो आणि चालू खात्यातली तूट कशी भरून निघते हे माहीत नसताना निर्बंधांवर लिहिणं म्हणजे अंधारात चाचपडणं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देशांनी जी चलनव्यवस्था ठरवली तिच्यात डॉलर सोन्याला बांधलेला होता, एका औंसाला ३५ डॉलर या दराने. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने ती गाठ सोडली. या दोन घटनांच्या मधल्या सत्तावीस वर्षांत काय झालं, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकांकडून तासभर बसून समजून घ्या. राज्यशास्त्राच्या चार व्याख्यानांत मिळणार नाही इतकं हाती लागेल.

संख्याशास्त्राला घाबरून पळू नका. आकडे मोजण्याआधी व्याख्या ठरते आणि वाद तिथेच असतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षांविषयीचा माहितीसंग्रह पाहा. तिथे ‘सशस्त्र संघर्ष’ म्हणून नोंद व्हायला एका वर्षात लढाईतले किमान २५ मृत्यू लागतात, आणि १,००० मृत्यूंपासून पुढे त्याला ‘युद्ध’ म्हणतात. ‘जगात युद्धं वाढली’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कोणत्या उंबरठ्यावरून मोजली? स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचे लष्करी खर्चाचे आकडेही मोफत आहेत. तोच खर्च एकदा डॉलरमध्ये आणि एकदा राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडून पाहा. देशांचा क्रम बदललेला दिसेल. हा तक्ता स्वतःच्या हाताने एकदा केला की वर्तमानपत्रातला कुठलाही तक्ता तुम्ही डोळे झाकून स्वीकारणार नाही.

इतिहासाचे पेपर जितके मिळतील तितके घ्या, आणि युरोपाबाहेरचेही घ्या. १६४८चा वेस्टफालियाचा तह म्हणजे सार्वभौम राष्ट्रांची जन्मतारीख, असं बहुतेक क्रमिक पुस्तकांत असतं. मूळ तह चाळून पाहा. त्याचा मोठा भाग पवित्र रोमन साम्राज्याच्या अंतर्गत घडीबद्दल आहे: कोणत्या प्रांतात कोणता पंथ, कुणाची मालमत्ता कुणाला परत. सार्वभौमत्वाची कथा त्याला नंतरच्या लोकांनी जोडली. इतिहासाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला हे लवकर कळतं.

भाषा मात्र पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा. दुसऱ्या वर्षी सुरू केलेली भाषा पदवीपर्यंत वाचण्याजोगी होत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियनमध्ये कामापुरतं प्रावीण्य यायला सुमारे २,२०० तास वर्गात बसावं लागतं. फ्रेंच, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तुमच्या मातृभाषेप्रमाणे हे गणित बदलेल, पण अंदाज येतो. कॉलेजात एकच परकी भाषा शिकवत असतील तर तीच घ्या. ‘मला तर अरबी हवी होती’ म्हणून हात बांधून बसू नका.

भाषेने काय फरक पडतो? त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतरचा, सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७चा ठराव क्रमांक २४२ घ्या. इस्रायली सैन्याने कुठून माघार घ्यायची याबद्दल इंग्रजी मसुद्यात ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’ असे शब्द आहेत, ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. फ्रेंच मसुद्यात ‘दे तेरितुआर ऑक्युपे’ आहे आणि त्याचा सहज लागणारा अर्थ ‘व्यापलेल्या त्या प्रदेशांतून’ असा आहे. व्यापलेल्या सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? एका एवढ्याशा शब्दावर अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालू आहे. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचता येणं ही या विषयात फार मोठी कमाई आहे.

मूळ कागद वाचायची सवय

या भागावर मी सगळ्यात जास्त भर देईन. ग्रंथालयात एकच कपाट असल्याची उणीव इथेच भरून निघते. संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय, त्यांचा करारसंग्रह, येल विद्यापीठाच्या विधी विभागाचा अव्हलॉन प्रकल्प, विल्सन सेंटरचा शीतयुद्धाच्या कागदपत्रांचा डिजिटल संग्रह, अमेरिकी परराष्ट्र खात्याची १८६१ पासून निघणारी दस्तऐवजांची मालिका, हे सगळं विनाशुल्क उघडं आहे. मोठ्या विद्यापीठातला विद्यार्थीही हेच कागद वाचतो.

पण वाचायचं कसं? एक ठराव घेऊन दाखवते. सुरक्षा परिषदेचा १७ मार्च २०११चा ठराव क्रमांक १९७३, लिबियात गद्दाफींचं सरकार उठाव चिरडत होतं तेव्हाचा.

आधी नुसता आकार पाहा. सुरुवातीला क्रमांक नसलेले परिच्छेद दिसतील. ती प्रस्तावना: परिषद कशाची आठवण करते, कशाबद्दल चिंता व्यक्त करते, कुणाच्या निवेदनाची दखल घेते. त्यानंतर क्रमांक दिलेले परिच्छेद सुरू होतात, आणि आदेश असतात ते याच भागात. आता प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी असलेलं क्रियापद अधोरेखित करा. ‘आवाहन करते’, ‘आग्रह धरते’, ‘मागणी करते’, ‘निर्णय घेते’ हे शब्द हौसेने बदललेले नसतात, त्यांचं वजन चढत जातं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २५व्या कलमानुसार परिषदेचे निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक असतात, म्हणून ‘निर्णय घेते’ दिसलं की थांबा. प्रस्तावनेच्या शेवटी सनदेच्या सातव्या प्रकरणाचा, म्हणजे शांततेला धोका असताना सक्तीचे उपाय योजायच्या अधिकाराचा, उल्लेख आहे का तेही पाहा. या ठरावात आहे.

आता चौथा परिच्छेद. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ योजायला सदस्य देशांना परवानगी दिली आहे. राजनयाच्या भाषेत याचा अर्थ बळाचा वापर. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की लिबियाच्या कोणत्याही भागावर कोणत्याही स्वरूपात परकी सैन्याचा ताबा असणार नाही. एकाच वाक्यात परवानगी आहे आणि कुंपणही आहे. लष्करी कारवाईने ही परवानगी ओलांडली का, यावर पुढच्या काही महिन्यांत जो वाद पेटला तो सगळा या वाक्यातल्या मोकळ्या जागेतून आला.

मग मतदान. बाजूने १०, विरोधात शून्य, तटस्थ ५. तटस्थ कोण? ब्राझील, चीन, जर्मनी, भारत आणि रशिया. बातमीत एवढंच येतं आणि वाचणारा समजतो की पाचांचं मत एक होतं. इथे दुसरा कागद उघडा: परिषदेच्या ६४९८व्या बैठकीचा शब्दशः वृत्तान्त. त्यात प्रत्येक देशाने आपल्या मताचं स्पष्टीकरण दिलंय. दीर्घ लष्करी संघर्षात ओढलं जाण्याची भीती जर्मनीने बोलून दाखवली. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती अपुरी आहे, असं भारताने म्हटलं. ठरावातली उड्डाणबंदी (लिबियाच्या आकाशात विमानांना मनाई) कशी अंमलात आणणार, बळाच्या वापराला मर्यादा काय, या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत, ही रशियाची तक्रार. बळाच्या वापराने हिंसा थांबेल याची ब्राझीलला खात्री नव्हती. चीनचा बळाच्या वापराला विरोध होताच, पण अरब लीगने १२ मार्चला उड्डाणबंदीची मागणी केलेली असल्यामुळे त्याने वाट अडवली नाही. मत एकच, पण कारणं पाच. हे ज्या दिवशी स्वतः वाचून कळतं त्या दिवशी या विषयाची खरी गोडी लागते.

आणखी एक पदर राहिला. चीन आणि रशिया तर कायम सदस्य, मग त्यांचा पाठिंबा नसताना ठराव मंजूर कसा झाला? सनदेच्या २७व्या कलमात महत्त्वाच्या निर्णयांना कायम सदस्यांची सहमतीची मतं लागतील असं लिहिलेलं आहे. शब्दशः वाचलं तर तटस्थ राहणं म्हणजे सहमती नव्हे. पण परिषदेने अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून तटस्थता म्हणजे नकाराधिकार नव्हे अशी प्रथा पाडली, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाबद्दलच्या सल्लावजा मतात ती मान्य केली. लिहिलेला नियम आणि पाळली जाणारी प्रथा यांच्यातलं हे अंतर तुम्हाला पुढे पावलोपावली भेटेल.

आठवड्याला असा एकच कागद पुरे. वहीच्या एका पानावर चार गोष्टी उतरवा: कुणी लिहिला, कुणाला उद्देशून, कोणतं क्रियापद, आणि कोणता शब्द मुद्दाम टाळला आहे. चौथी गोष्ट सुरुवातीला अजिबात दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी दिसायला लागते.

सिद्धान्तांशी कसं वागायचं

वास्तववाद (भर ताकद आणि सुरक्षिततेवर), उदारमतवाद (भर सहकार्य आणि संस्थांवर), रचनावाद (भर समजुती आणि ओळखींवर). दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत वर्गात तट पडतात आणि मुलं स्वतःला ‘मी वास्तववादी’ वगैरे म्हणवून घेऊ लागतात. कृपा करून एवढ्या लवकर झेंडा हाती घेऊ नका. सिद्धान्त म्हणजे भिंग. प्रत्येकातून काही ठळक दिसतं आणि काही दिसेनासं होतं.

वास्तववादी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलं की राष्ट्रांवर कुणी सत्ताधीश नसणं आणि त्यांच्यातली ताकदीची वाटणी, या रचनेवरूनच त्यांच्या वागण्याचा मोठा भाग समजतो. हे वाचलं की सगळं स्वच्छ वाटतं. मग रचनावादी अलेक्झांडर वेंट यांचा १९९५चा मुद्दा समोर येतो: ब्रिटनकडच्या ५०० अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाकडची ५ अण्वस्त्रं अमेरिकेला जास्त धोक्याची वाटतात. नुसती शस्त्रं मोजून हे उलगडत नाही. कोण मित्र, कोण शत्रू, ही समजूत कशी घडली ते पाहावं लागतं. वॉल्ट्झ चुकले असं यातून सिद्ध होत नाही, त्यांच्या भिंगाची कड कुठे संपते ते कळतं. तुमचं काम तेवढंच: एक घटना घ्या, तिन्ही भिंगांतून पाहा, आणि प्रत्येक वेळी काय निसटलं ते लिहा.

अभ्यासक्रम जुना असेल तर एक पोकळी हमखास सापडेल. बहुतेक सिद्धान्तकार अमेरिका आणि युरोपातले असतात, आणि उरलेलं जग फक्त उदाहरणांपुरतं येतं. १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले होते, ते काय मागत होते? राऊल प्रेबिश या अर्जेंटिनाच्या अर्थतज्ज्ञाने कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या पदरात काळाच्या ओघात कमी का पडतं, हे दाखवलं आणि १९६४ मध्ये तेच व्यापार व विकासावरच्या संयुक्त राष्ट्र परिषदेचे पहिले महासचिव झाले. हे अभ्यासक्रमात नसेल तर शिक्षकांना विचारा, त्यावर एखादी असाइनमेंट मागून घ्या. छोट्या वर्गात अशी विनंती सहसा मान्य होते.

शिक्षकांचा वेळ

पहिल्या वर्षी मी रवांडाच्या १९९४च्या नरसंहारावर ‘संयुक्त राष्ट्रांचं अपयश’ या मथळ्याचा निबंध लिहिला. मोठा होता, आवेशही भरपूर होता. शिक्षकांनी तो परत दिला तेव्हा समासात एकच ओळ होती: ‘कुणाचं अपयश?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, संयुक्त राष्ट्रं म्हणजे कोण कोण, नावं लिही. मी सचिवालय लिहिलं, सुरक्षा परिषद लिहिली, तिथली शांतिसेना लिहिली. मग त्यांनी एकेकासमोर तारीख लिहायला लावली. ११ जानेवारी १९९४: तिथल्या शांतिसेनेचे सेनापती दालेर यांनी शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कला कळवली, आणि ते जप्त करायची परवानगी सचिवालयाने दिली नाही. २१ एप्रिल: नरसंहार सुरू झालेला असताना परिषदेने ठराव क्रमांक ९१२ करून सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७०पर्यंत खाली आणायचं ठरवलं. त्या वर्षी परिषदेच्या पंधरा सदस्यांत खुद्द रवांडाचं सरकारही बसलेलं होतं. कागद भरला तेव्हा माझ्या निबंधाचं शीर्षक पुसलं गेलं होतं. ‘संयुक्त राष्ट्रांनी केलं’ असं वाक्य मी त्यानंतर कधी लिहिलं नाही. कुणी, कोणत्या खोलीत, कोणत्या तारखेला, हे शोधल्याशिवाय हात चालत नाही.

ही पाऊण तासाची बैठक दोनशे जणांच्या वर्गात मिळाली असती असं मला वाटत नाही. म्हणून सांगते, शिक्षकांच्या खोलीत जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘मला हा विषय समजत नाही’ म्हणून गेलात तर तेही काय बोलणार? एक पान लिहून न्या आणि विचारा, ‘सर, माझा युक्तिवाद नेमका कुठे तुटतो?’ कच्चा मसुदा मुदतीच्या आठवडाभर आधी दाखवा. परत मिळालेले निबंध शेरे-टिपणांसकट एका फायलीत ठेवा. तेच तेच शेरे पुन्हा येतायत का, हे वर्षातून दोनदा तपासा.

एका गोष्टीची काळजी घ्या. दोन-तीनच शिक्षक असले की त्यांचे आवडते सिद्धान्त, त्यांचे पूर्वग्रहसुद्धा नकळत आपले होतात. त्यावर उपाय म्हणजे त्यांच्याशी सहमत नसलेल्या अभ्यासकाचा लेख शोधून त्यांनाच दाखवायचा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

ग्रंथालयात नसलेलं वाचन

ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. आंतर-ग्रंथालय सेवेने दुसरीकडचं पुस्तक मागवता येतं, हे अनेक विद्यार्थ्यांना पदवी हातात पडेपर्यंत माहीत नसतं. जेस्टोर या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर वैयक्तिक खातं उघडून ठरावीक संख्येने लेख मोफत वाचता येतात. एखादा लेख कुठेच मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचा नम्र ईमेल करा. बरेच अभ्यासक आपण होऊन प्रत पाठवतात.

बातम्यांचं काय? जगभरचं सगळं वाचायचा हव्यास सोडा. एक प्रदेश किंवा एक प्रश्न निवडा आणि पदवीपर्यंत त्याची पाठ सोडू नका. भिंतीवर नकाशा लावा, त्यावर सामुद्रधुन्या आधी रंगवा. काळ्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्याला बॉस्पोरस आणि दार्दानेल्स, आणि त्यांच्यातून युद्धनौकांनी कसं जायचं हे ठरवणारा १९३६चा मॉन्ट्रो करार माहीत असला, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तुर्कस्तानने त्याच करारावर बोट ठेवून लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट का बंद केली, हे बातमी वाचतानाच उमगतं.

सात जण मिळून १९६२

कॉलेजात मॉडेल युनायटेड नेशन्सचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांची नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्यांचा, क्लब नसेल तर फार बिघडत नाही. त्या स्पर्धांमुळे सभाधीटपणा येतो, पण भाषणबाजीची सवयही लागते. सात मित्र जमवा, एक रिकामी वर्गखोली मिळवा आणि ऑक्टोबर १९६२च्या क्युबा पेचप्रसंगाची, म्हणजे क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडल्यावर अमेरिकी अध्यक्ष केनेडींनी केलेली, सल्लामसलत तीन तास करून पाहा. प्रत्येकाने एकेका सल्लागाराची भूमिका घ्यायची आणि त्याला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच वापरायचं. केनेडींनी नाकेबंदीला ‘नाकेबंदी’ न म्हणता ‘क्वारंटीन’ का म्हटलं, यावर किमान अर्धा तास वाद घाला. कायद्याच्या दृष्टीने नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते, हे कळलं की शब्दाची निवड कळते.

खेळ संपल्यावर एक गोष्ट उघड करा. २७ ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेऊ असा शब्द गुप्तपणे दिला होता. त्या काळच्या वर्तमानपत्रांत याचा मागमूस नव्हता. ताज्या घटनेबद्दल ठाम विधान करताना हे आठवतं आणि पेन जरा थांबतं.

प्रबंध

शेवटच्या वर्षी लहान प्रबंध लिहायची मुभा असेल तर ती सोडू नका. विषय अरुंद ठेवा. ‘चीनचा उदय’ हा विषय नव्हे. ‘अमुक देशाने अमुक पाच वर्षांत सुरक्षा परिषदेत तटस्थ राहताना कोणती कारणं दिली’ हा विषय आहे: कागद उघडे आहेत, संख्या आवाक्यात आहे आणि उत्तर आधीपासून ठरलेलं नाही. मार्गदर्शकाला भेटण्यापूर्वी स्वतःला विचारा, माझं म्हणणं खोटं ठरवणारा पुरावा कसा दिसेल? याचं उत्तर देता येत नसेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही. दुसऱ्या विभागातल्या शिक्षकांना सह-मार्गदर्शक म्हणून विचारायलाही हरकत नाही. इतिहासाचे शिक्षक अशा कामाला खुशीने तयार होतात.

एखादं सेमिस्टर दुसऱ्या विद्यापीठात काढायची संधी असेल तर ती तिसऱ्या वर्षाच्या आसपास घ्या, आणि आपल्याकडे मुळीच न शिकवला जाणारा भाग तिथे निवडा. जाण्याआधी क्रेडिट धरली जातील असं लेखी घ्या. माझ्या ओळखीतल्या एकीचं तोंडी आश्वासनावर अख्खं सेमिस्टर वाया गेलं.

पदवीनंतर

या पदवीवर थेट ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ नावाची नोकरी नसते, हे आधीच मान्य केलेलं बरं. परराष्ट्र सेवा, संशोधन संस्था, मदतकार्य करणाऱ्या संघटना, पत्रकारिता, कंपन्यांमधलं जोखीम-विश्लेषण, निर्यात आणि निर्बंध-नियमांचं काम असे रस्ते आहेत आणि अनेक ठिकाणी मास्टर्स लागते. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला पहिली पदवी चालते, वयाची अट ३२ वर्षांपर्यंतची आहे, इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व लागतं, आणि त्या वर्षीच्या सहभागी देशांच्या यादीत तुमचा देश असावा लागतो. त्यांच्या सचिवालयातली इंटर्नशिप विनावेतन असते, तेव्हा राहण्याखाण्याचा खर्च कुठून येणार याचं गणित अर्जाआधी मांडा. पदवीच्या काळात छोट्या स्थानिक संघटनेत, निर्वासितांसोबत किंवा भाषांतराचं काम केलं असेल तर अर्जात त्याचं वजन पडतं, कारण तिथे तुम्ही खरोखर काय केलं ते सांगता येतं.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान महिनाभर आधी विचारा. सोबत प्रवेश-निवेदनाचा मसुदा, मुदतींची यादी आणि त्यांनी तपासलेले तुमचे दोन जुने निबंध द्या. एक पहिल्या वर्षाचा आणि एक अलीकडचा, समासातल्या त्यांच्या शेऱ्यांसकट.